हिरोशिमातल्या मेपल रेड्सची मॅच: मुलीला न्यावं का, आणि तिथे काय बघावं?

ओवीची_आई

नमस्कार. जपानात राहणाऱ्या, त्यातही हिरोशिमाकडच्या मंडळींना विचारायचं होतं.

आम्हाला इथे येऊन अजून वर्ष व्हायचंय. नवरा मोटारींच्या कारखान्यात, मी सध्या घरी, लेक ओवी पाचवीत, घराजवळच्याच सरकारी शाळेत. भाषेत ती अजून चाचपडतेय, त्यामुळे मैत्रिणी मोजक्याच. त्यातली जी सगळ्यात जवळची, ती हँडबॉल खेळते. परवा तिने ओवीच्या हातात एक लालभडक पत्रक ठेवलं आणि "तू पण चल" म्हणाली. पत्रकावर इझुमी मेपल रेड्स हिरोशिमा असं नाव आहे आणि चेंडू घेऊन हवेत झेपावलेली एक मुलगी. त्या दिवसापासून ओवीला दुसरं काही सुचत नाही.

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. इझुमी म्हणजे आपण जिथे वाणसामान आणतो त्या युमे टाउनवालेच ना? मग हा दुकानाचा संघ की शहराचा? या मुली पैसे घेऊन खेळतात की नोकरी करून? मॅच बघायला जायचं तर नेमकं बघायचं काय? आणि खरी काळजी वेगळीच आहे. पत्रक बघून ओवीला खेळायचंच आहे, आणि मी यूट्यूबवर पाहिलं तर गोलकीपरच्या तोंडावर चेंडू आदळतोय. कुणी जवळून बघितलं असेल तर सांगा, प्लीज.

---

कमलताई

ओवीच्या आई, तू अगदी बरोबर दारात येऊन उभी आहेस. मी हिरोशिमात नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून आहे आणि हा संघ मी त्याच्या वेगवेगळ्या नावांनी पाहिलाय. आधी तो नुसता इझुमी होता. मग हिरोशिमा मेपल रेड्स झाला. मग पुन्हा इझुमीचं नाव पुढे लागलं आणि आता इझुमी मेपल रेड्स हिरोशिमा असं लांबलचक झालंय. हा दुकानाचा संघ की शहराचा, हे तू विचारलंस, त्याचं उत्तर या नावांतच आहे. दोघांचाही. आणि मला विचारशील तर तो टिकला तो त्यामुळेच.

इझुमी म्हणजे हो, तेच युमे टाउनवाले. या कंपनीचा आरंभ तुला ठाऊक असावा, कारण हिरोशिमातली जुनी माणसं तो अभिमानाने सांगतात. युद्ध संपल्यावर, शहराची राख झालेली असताना, स्टेशनासमोरच्या बाजारात यामानिशी योशिमासा नावाचा एक तरुण वाळवलेली पर्सिमॉन फळं विकायला बसला. त्यातून हा पसारा उभा राहिला. अशा घरातून आलेला संघ म्हणून इथल्या लोकांना तो परका वाटत नाही. मेपल म्हणजे मोमिजी, हा आपल्या हिरोशिमा प्रांताचा वृक्ष. जवळच्या मियाजिमा बेटावर शरदात जाऊन आला असाल तर लाल रंग का, हे वेगळं सांगायला नको. इथला बेसबॉलचा संघ कार्प, तोही लालच.

आता खेळाडूंचं. युरोपातल्या मोठ्या क्लबांत मुली फक्त हँडबॉल खेळून पगार घेतात, तसं इथे सरसकट नाही. जपानात ही जुनी रीत आहे की कंपनी संघ पाळते आणि खेळाडू त्या कंपनीतल्या कर्मचारी असतात. सकाळी काम, मग सराव. रेड्समधल्या बऱ्याच जणी अशाच इझुमीत नोकरी करतात. लोक हे ऐकून "अरेरे, बिचाऱ्या" म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या खेळाला टीव्हीवर फारशी जागा नाही, त्या खेळात एखादी बाई तिशीपर्यंत खेळते, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन परत येते, आणि खेळ सुटला तरी तिची नोकरी सुटत नाही. हे छोटं नाही. मी स्वतः एका कँटीनमध्ये अर्धा दिवस काम करते. पहाटे उठून भांडी लावणं आणि दुपारी ताज्या मनाने दुसरं काही करणं यात काय लागतं ते मला माहीत आहे, म्हणून या मुलींबद्दल मला कीव नाही, आदर आहे.

आणि आता जिच्यामुळे मी या खेळाची झाले, तिच्याबद्दल. इम ओ-क्यंग. दक्षिण कोरियाची. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या संघातली. १९९४ मध्ये ती हिरोशिमात इझुमीकडून खेळायला आली आणि १९९६ पासून खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामं एकटीने करू लागली. तेव्हा तिची पंचविशीही जेमतेम झालेली. विचार कर, परकी भाषा, परका देश, आणि संघातल्या काही मुली जवळजवळ तिच्याच वयाच्या.

शेजारच्या ओकुसान, म्हणजे शेजारच्या वहिनी, मला पहिल्यांदा मॅचला घेऊन गेल्या तेव्हा मला नियम एक कळत नव्हता. पण मी त्या एका बाईवरून नजर हलवू शकले नाही. ती मधल्या जागेवर खेळायची, जिथून सगळा हल्ला आखला जातो. चेंडू हातात नसतानाही तिचे हात बोलत असायचे: इकडे सरक, आता थांब, आता जा. टाइमआउट झाला की बाकीच्या मुली पाणी प्यायच्या आणि ही घाम न पुसता बोर्ड घेऊन समजावायला बसायची. शिट्टी वाजली की बोर्ड ठेवून परत मैदानात, आणि जे बोर्डावर दाखवलं तेच पुढच्या मिनिटाला स्वतः करून दाखवायची. प्रेक्षकांत कुणीतरी श्वास सोडायचं, "होssरा!" तिच्या हाताखाली संघाने लीगची विजेतेपदं एकामागून एक मिळवली.

तिला याच काळात मुलगी झाली. त्यानंतरही ती खेळत राहिली, आणि २००४ ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये परत आपल्या देशासाठी उभी राहिली. ती फायनल बघितलेल्यांना विचार. डेन्मार्कविरुद्ध ३४-३४, दोनदा जादा वेळ, शेवटी सात मीटरच्या फेकींवर, म्हणजे पेनल्टींवर, कोरिया हरलं. तिशी ओलांडलेली, लेकुरवाळी बाई, आणि तिचा रोजचा सराव व्हायचा तो इथे, हिरोशिमात. कोरियाचीच ओ सॉन्ग-ओकही काही काळ इथे खेळली, पाच ऑलिंपिक खेळलेली. इम २००८ ला मायदेशी परतली, सोलच्या संघाची प्रशिक्षक झाली, आणि २०२० पासून ती कोरियाच्या संसदेत खासदार आहे. मला याचं जराही आश्चर्य वाटलं नाही.

मॅचला गेल्यावर काय बघायचं ते इथल्या जाणकारांनी सांगावं, मी फक्त एक सांगते. मैदानाच्या कडेला शाळकरी मुली फडकं लावलेले मॉप घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडे ओवीचं लक्ष वेधून दे. कुणी पडलं की फरशीवर घामाचा डाग राहतो. पंचाने हात केला की त्या मुली वाकून धावत येतात, पुसतात, धावत परत जातात. आसपासच्या शाळांच्या हँडबॉल क्लबातल्या असतात त्या. आपल्याला ज्यांच्यासारखं व्हायचंय त्या खेळाडू त्यांना हातभर अंतरावरून दिसतात. ओवीची मैत्रीण कदाचित हेच काम करत असेल.

न्यावं का म्हणून काय विचारतेस! ने.

---

सिद्धार्थ_कुमामोतो

कमलताईंनी क्लबचं सांगितलंच आहे. मी कॉलेजात गोलकीपर होतो आणि आता कुमामोतोत नोकरी करतो. इथे यामागा गावात पूर्वी ओमरॉनचा असलेला, आता कुमामोतोच्या नावाने खेळणारा महिला संघ आहे, म्हणजे रेड्सचे जुने प्रतिस्पर्धी. तरीही प्रामाणिकपणे मदत करतो.

आधी मैदान डोळ्यांत बसवा. चाळीस बाय वीस मीटर, दोन्ही टोकांना तीन बाय दोन मीटरचा गोल, आणि गोलसमोर सहा मीटरची वळणदार रेघ. त्या रेघेच्या आत फक्त गोलकीपर. बाकी कुणाचा पाय तिथे टेकता कामा नये. पत्रकावरची मुलगी हवेत का झेपावली आहे ते इथे कळतं: रेघेच्या बाहेरून उडी मारायची आणि आत हवेत असतानाच, पाय टेकायच्या आधी, चेंडू फेकायचा. तीन पावलं, हातात चेंडू जास्तीत जास्त तीन सेकंद, अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन भाग. एवढ्यावर पहिली मॅच निभावते.

चेंडूकडे बघू नका. म्हणजे बघाच, पण पहिली दहा मिनिटं झाली की नजर सहा मीटरच्या रेघेवर न्या. तिथे हल्ला करणाऱ्या संघाची एक मुलगी बचाव करणाऱ्यांच्या भिंतीत घुसून, पाठ गोलकडे करून उभी असते. इथे त्या जागेला पोस्ट म्हणतात. तिला दोन बाजूंनी ढकलतात, ती पाय रोवून अडवते, आणि तिच्या कमरेएवढ्या उंचीवरून फटीतून एक पास येतो. तो तिने एका हाताने पकडला तर जवळजवळ गोलच. जपानी संघ उंचीने कमी असतात, म्हणून त्यांची सगळी भिस्त पायांवर: बचावात पुढे येऊन पास तोडायचा आणि चेंडू मिळाला की दुसऱ्या टोकाला सुसाट. गोलकीपरने चेंडू अडवल्या क्षणी कोपऱ्यातल्या दोघी पळालेल्या असतात, मागे वळून न बघता. मी गोलमध्ये उभा असायचो तेव्हा तो लांब पास अचूक पडला की मला स्वतः गोल केल्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा.

पंच हात वर करून उभा राहिला तर घाबरू नका, फाउल नाही. संघ उगाच वेळ काढतोय असा तो इशारा आहे. त्यानंतर चार पासांच्या आत फेक घ्यावी लागते. पूर्वी सहा पास मिळायचे, २०२२ पासून चार. लगेच खेळात घाई येते, बघताना मजा त्यातच.

आता तोंडावर बसणाऱ्या चेंडूचं. तुमची काळजी रास्त आहे. २०२२ च्याच नियमांत हे आलंय की समोर कुणी अडवणारं नसताना फेकलेला चेंडू गोलकीपरच्या डोक्यावर बसला तर फेकणारीला दोन मिनिटं बाहेर. याने खेळाडू फेक कुठे मारायची याचा विचार करायला लागल्या, मी फरक बघितलाय. मुलांच्या खेळात चेंडूही लहान आणि हलका असतो. मोठ्या बायकांचा ३२५ ते ३७५ ग्रॅमचा, तो ओवीच्या हाती इतक्यात येणार नाही. गोलमध्ये कोण उभं राहणार हे प्रशिक्षक मुलांना विचारून ठरवतात. सक्ती मी तरी कुठे पाहिली नाही.

एक गंमत म्हणून: चेंडू बनवणारी मोल्टेन ही कंपनी हिरोशिमाचीच. जगभर मोठ्या स्पर्धांत जो चेंडू फिरतो तो तुमच्या शहराचा.

---

अभिजित_योकोहामा

वरचं सगळं वाचलं, आवडलं. पण ओवीच्या आईंना दुसरी बाजूही कळायला हवी असं वाटतं, म्हणून लिहितो.

ऑफिस सांभाळून खेळण्याची ही पद्धत गोड दिसते, पण खेळाचं त्यात नुकसान झालंय असं माझं मत आहे. जपानच्या महिला १९७६ ला माँट्रियलमध्ये पाचव्या आल्या. त्यानंतर थेट टोकियोपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, ऑलिंपिकला गेल्याच नाहीत. टोकियोला गेल्या त्याही यजमान म्हणून. पॅरिसला पुन्हा नाहीत. ज्यांना पुढे जायचं असतं त्या युरोप गाठतात. ओकिनावाची इकेहारा आयाका सुझुकाच्या व्हायोलेट आयरिस संघातून डेन्मार्कला गेली ती उगाच नाही.

शिवाय कंपनी म्हणजे कंपनी. वर्ष वाईट गेलं की आधी खेळाचा खर्च कापतात. माझी एक सहकारी दुसऱ्या एका खेळाच्या कंपनी-संघात होती. एका सकाळी मीटिंग बोलावली, मोसम संपला की संघ बंद असं सांगितलं. नोकरी राहिली तिची, पण जिच्यासाठी ती त्या गावात आली होती ती गोष्टच गेली. लहान मुलीला स्वप्न दाखवताना हे माहीत असावं.

---

कमलताई

अभिजित, तुमच्या सहकारीचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते घडतं, आणि नव्वदच्या दशकानंतर जपानात किती कंपन्यांनी आपले संघ मिटवले हे मी इथे राहून पाहिलंय. त्यात हँडबॉलचेही होते.

पण म्हणूनच मला रेड्सचं मोल वाटतं. कंपनीचं नाव मागे सरलं तेव्हा संघ मिटला नाही, शहराचं नाव घेऊन उभा राहिला. त्या दिवसांत मेपल रेड्सच्या मॅचला जाणं म्हणजे वर्गणी दिल्यासारखं होतं. ओकुसान आपल्या भिशीच्या बायकांना घेऊन यायच्या. हिरोशिमात टॉप्स हिरोशिमा म्हणून एक व्यवस्था आहे, त्यात फुटबॉलचा सानफ्रेच्चे, व्हॉलीबॉलचा संघ, वाकुनागा औषध कंपनीचा पुरुष हँडबॉल संघ आणि आपल्या रेड्स असे वेगवेगळ्या खेळांचे संघ एकमेकांना धरून आहेत. मोठ्या खेळाच्या गर्दीतली थोडी ऊब लहान खेळाला मिळते. आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून जुन्या जपान लीगची जागा नव्या लीग एचने घेतली. तिथली यादी बघा, इशिकावा, कागोशिमा, तोयामा, कागावा, र्युक्यु. संघांच्या नावात गाव किंवा प्रांत आलाय. होक्कोकु बँकेच्या, सोनीच्या कारखान्याच्या, अशा नावांनी आपण ज्यांना ओळखायचो तेच हे संघ. कंपनी अजून पाठीशी आहेच, पण दारावरची पाटी गावाची झाली. उद्या कंपनीने हात काढला तरी गाव हरकत घेऊ शकेल, हा फरक मला फार मोठा वाटतो.

ऑलिंपिकचं तुमचं म्हणणं खरं, तो पुढचा डोंगर आहेच. पण टोकियोत मॉन्टेनेग्रोला हरवलं तेव्हा मी घरात ओरडले होते हेही सांगते. आणि डिसेंबर २०२४ विसरलात का? आशियाई स्पर्धा नवी दिल्लीत होती. फायनलला जपान आणि कोरिया. वर्षानुवर्षं आशियात कोरियापुढे कुणाचं चालत नव्हतं. जपानने २५-२४ ने हरवलं. एका गोलने! त्याआधी जपान आशियात जिंकलं होतं २००४ ला, आणि ती स्पर्धा होती आपल्या हिरोशिमात. मधली वीस वर्षं कुणी सांभाळली? हेच संघ, सकाळी काउंटरवर उभ्या राहणाऱ्या याच मुली. त्यांना पूर्ण वेळ खेळता आलं पाहिजे, पगार वाढले पाहिजेत, या बाबतीत मी तुमच्याच बाजूला आहे. पण तोवर जे आहे ते कमी लेखून चालणार नाही. युरोपला गेलेली मुलगीसुद्धा आधी अशाच एखाद्या संघात घडते, तुमच्याच उदाहरणात बघा.

---

निळावंती

मी तोयामाला असते, माझा मुलगा सहावीत असताना हँडबॉल खेळला म्हणून आईच्या बाजूने दोन शब्द.

इथे प्राथमिक शाळेतली मुलं साधारण गावातल्या स्पोर्ट्स शोनेनदानमध्ये, म्हणजे मुलांच्या क्रीडामंडळात, खेळतात. प्रशिक्षक बहुतेक कुणाचे तरी बाबा किंवा जुने खेळाडू. फी फार नसते, पण आईवडिलांचा वेळ जातो: गाडीने ने-आण, चहापाणी, पाळीपाळीने हजेरी. ते आधी विचारून घ्या. भाषेची काळजी मात्र सोडा. माझ्या मुलाचं जपानी वर्गात अडायचं, मैदानावर नाही. "इकडे", "मागे", "छान!" एवढ्यावर त्याचं पहिलं वर्ष गेलं आणि त्या मुलांशी खेळूनच बाकीचं आलं.

मुलांची देशपातळीची स्पर्धा दर उन्हाळ्यात क्योटोजवळच्या क्योतानाबेला होते, आणि त्यापुढच्या माध्यमिक शाळेतल्या मुलांची वसंतात आमच्या इथल्या हिमीला. हिमी म्हणजे मासेमारीचं गाव, थंडीतल्या बुरी माशासाठी प्रसिद्ध, पण त्या आठवड्यात हँडबॉलशिवाय तिथे काही नसतं. ओवी पुढे खेळत राहिली तर आमच्याकडे मुक्काम करा.

अजून एक. मोठ्यांच्या मॅचनंतर तुम्हाला खेळाडूंची बोटं तपकिरी, चिकट दिसतील. ते पाइनचं राळ, मात्सुयानी. चेंडू एका हातात घट्ट बसावा म्हणून लावतात. बऱ्याच सार्वजनिक जिममध्ये फरशी खराब होते म्हणून त्याला बंदी असते. तिथे शाळकरी मुलं दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बोटांना गुंडाळून खेळतात. टेपचे रिकामे पुठ्ठे आमच्या गाडीत सगळीकडे सापडायचे. ओवीला राळ लावायची हौस येईल, तेव्हा कपड्यांवरून ते सहज निघत नाही एवढं लक्षात ठेवा.

---

ओवीची_आई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. कमलताई, इम ओ-क्यंगचं मी ओवीला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, "आई, तिला जपानी यायचं का सुरुवातीला?" मी म्हटलं, नक्कीच शिकावं लागलं असेल. मग बराच वेळ ते पत्रक घेऊन बसली होती.

अभिजितजी, तुमचंही पटलं. स्वप्न वगैरे अजून लांब आहे. सध्या तिला एका मैत्रिणीबरोबर धावायला मिळालं तरी मला पुष्कळ.

सिद्धार्थ, दोन मिनिटांचा नियम नवऱ्याला सांगितला, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. निळावंती, ने-आण आणि पाळ्यांचं विचारून घेते. आमच्याकडे गाडी एकच आहे, तेवढी एक अडचण.

आता शेवटचे दोन प्रश्न. जागा कुठली धरावी? आणि मॅचनंतर खेळाडूंशी बोलता येतं का? ओवीला सही हवी आहे, पण कसं विचारायचं ते तिला कळत नाहीये.

---

कमलताई

जागा गोलच्या मागे नको, तिथून खोली कळत नाही. लांब बाजूला, मधल्या रेघेपासून थोडं रेड्सच्या बेंचकडे, आणि शक्य तितकं खाली बसा. वॉर्डाच्या स्पोर्ट्स सेंटरसारख्या जागेत मॅच असेल तर मैदान इतकं जवळ असतं की बुटांचा करकर आवाज आणि मुलींनी एकमेकींना मारलेल्या हाका ऐकू येतात. घरून चपला न्या, काही ठिकाणी बूट काढावे लागतात. थंडीच्या दिवसांत पायाखाली घ्यायला काहीतरी असू द्या.

सहीचं अगदी सोपं आहे. मॅच संपली की खेळाडू प्रेक्षकांसमोर ओळीने उभ्या राहून वाकून आभार मानतात, आणि बरेचदा नंतर बाहेरच्या हॉलमध्ये येतात. ओवीने पत्रक आणि पेन दोन्ही हातांनी पुढे करावं आणि "साइन ओनेगाइ शिमासु" म्हणावं. एवढं पुरतं. मी बघितलंय, हरलेल्या दिवशीसुद्धा त्या लहान मुलींसाठी थांबतात. पत्रक चकचकीत कागदाचं असेल तर साधं पेन उमटत नाही, मार्कर न्या.

आणि गाडीची चिंता करू नकोस. मॅचनंतर राळेचे डाग काढायला आम्ही काही जणी थांबतो, औषध लावून फडक्याने घासावं लागतं, गुडघ्यांवर बसून. पण त्या दिवशी मी ते काम दुसऱ्या कुणाकडे देईन आणि तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडेन. तारीख कुठली आहे पत्रकावर ते मला व्यक्तिगत निरोपात कळव. मी लाल मफलर घालून बेंचच्या मागच्या दुसऱ्या रांगेत असते.